तासोबा आणि कुलपातला पाना

साडू या नात्यात दोन माणसांनी एकमेकांना निवडलेलं नसतं. बहिणी-बहिणी आपापल्या नशिबाने लग्न करून मोकळ्या होतात आणि त्यांच्या नवऱ्यांना जन्मभर एका टेबलाशी समोरासमोर बसून जेवावं लागतं. त्यातून एक मालक आणि दुसरा त्याच्याकडे नोकरीला, मग तर विचारूच नका. आमच्या शेजारच्या घरातले दोन जावई असेच. थोरल्याच्या तीन उघड्या जीपा होत्या. हौशी पाहुण्यांना त्यात बसवायचं, खाणीच्या मागच्या टेकडीवर दगडधोंड्यांतून, ओढ्याच्या पाण्यातून वर न्यायचं, माथ्यावरून खालचं तळं दाखवायचं, हाडं खिळखिळी करून परत आणायचं, असा धंदा. धाकटा त्या जीपांचा मेकॅनिक. त्याला सगळे तासोबा म्हणत. थोरल्याला मी थोरलेच म्हणतो, तोंडावर आणि माघारीही. माघारी आणखीही काही म्हणतो, ते असो.

तासोबा हे नाव ड्रायव्हरांनी पाडलेलं. ड्रायव्हर परत आला की हा हात पुसत पुढे व्हायचा आणि विचारायचा, किती वाजता चालू केलीस, किती वाजता बंद केलीस, माथ्यावर पाहुणे फोटो काढत होते तेव्हा इंजिन चालू होतं का बंद. ड्रायव्हर वैतागायचे. बायको इतकं विचारत नाही, म्हणायचे. हा सगळं वहीत उतरवून घ्यायचा. किलोमीटरच्या आकड्याकडे मात्र ढुंकून बघायचा नाही.

याचं कारण तो मला एकदा समजावत होता, मी न विचारता. त्याचं म्हणणं असं की प्लग म्हणजे इंजिनातली ठिणगी पाडणारी वस्तू, बोटाएवढी. गुळगुळीत रस्त्यावर गाडी पळते तेव्हा तासाला साठ-सत्तर किलोमीटर सहज होतात, म्हणून तिथे किलोमीटर मोजले तरी चालतं. टेकडीवर जीप पहिल्या गिअरमध्ये रांगते, तासाला दहा किलोमीटर झाले तर डोक्यावरून पाणी. पण इंजिन बिचारं तेवढंच धापा टाकत असतं, उलट जास्तच. त्यात धूळ, त्यात ओढ्याचं पाणी तापल्या प्लगवर उडणार, त्यात पाहुण्यांचे फोटो होईस्तोवर उभ्याउभ्या इंजिन गुरगुरत ठेवायचं, म्हणजे प्लगवर काजळी. एखादा हमाल दिवसभर एकाच जागी उभा राहून पोती उचलत असेल, तर संध्याकाळी त्याला तू चाललास किती असं विचारणार का? रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकणारा प्लग टेकडीवर तीनशे तासांत म्हातारा होतो, असा त्याचा अनुभव. तीनशे तास म्हणजे किलोमीटरच्या काट्यावर जेमतेम तीन हजार. तीनशे तास भरले की तो चारही प्लग बदलायचा. सहा वर्षांत एकही जीप टेकडीवर बंद पडली नाही.

न बंद पडलेली जीप कुणाच्या लक्षात येत नाही, ही त्या कामातली गोम. थोरल्यांना एवढंच दिसत होतं की जीपसोबत मिळालेल्या पुस्तकात प्लगचं आयुष्य चाळीस हजार किलोमीटर छापलंय आणि आपला साडू तीन हजारांत नवे मागतोय.

आणि तासोबाचीही एक खोड होती. काढलेला प्लग तो फेकायचा नाही. पुसून, त्याला चिठ्ठी बांधून घरी न्यायचा. चिठ्ठीवर जीप कुठली, तास किती, पाण्यात किती वेळा उतरली. पलंगाखाली तीन पत्र्याचे डबे भरले होते. रविवारी दुपारी बायको झोपली की हा पठ्ठ्या डबे ओढून भिंगातून प्लग बघत बसायचा, दुसरे लोक जुने फोटो बघतात तसा. कुणाला विचारून नेले नव्हते, ही त्याची चूक, आणि ती मी त्याच्या तोंडावर सांगितली आहे. तो म्हणाला, कचरा न्यायला काय विचारायचं.

एकदा थोरली बहीण धाकटीकडे आली होती. कानातलं पडलं म्हणून पलंगाखाली वाकली. कानातलं सापडलं की नाही माहीत नाही, डबे सापडले.

पुढच्याच रविवारी सासऱ्यांकडे सगळे जेवायला. सासरे म्हणजे अप्पा, निवृत्त मुख्याध्यापक, टेबलाच्या टोकाला बसणार आणि शेवटचा घास होईस्तोवर कुणाला उठू देणार नाहीत असे. मीही होतो, शेजारधर्म. थोरल्यांनी हात पुसले आणि अगदी सहज आवाजात सांगितलं की घरातल्याच माणसाने दोनशे चाळीस प्लग लांबवलेत, चांगले प्लग वेळेआधी काढायचे, घरी साठवायचे आणि मग विकायचे, असा उद्योग चाललाय. तासोबाच्या हातातला घास हातात राहिला. तो म्हणाला, ते अभ्यासासाठी आहेत.

आता तुम्हीच सांगा, पन्नाशीला आलेला माणूस पलंगाखाली ठेवलेल्या काळ्या प्लगांचा अभ्यास करतो म्हटल्यावर कोण हसणार नाही? मीही हसलो. खोटं कशाला बोलू. फक्त अप्पा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, जावयाकडे पाहिलं आणि एकच शब्द विचारला.

"चोरी?"

तासोबाने हातातला घास ताटात ठेवला. अप्पांनी चष्मा लावला आणि जेवायला लागले. त्या दिवसानंतर ते त्याच्याशी बोलले नाहीत. दार उघडलं तर बाजूला व्हायचे, एवढंच.

नोकरी तर गेलीच. पण ड्रायव्हरांनी पाडलेलं लाडाचं नाव जाऊन बाजारात दुसरं नाव रूढ झालं, प्लगचोर. त्याची बायको दुकानात शिरली की बायकांच्या गप्पा अशा थांबायच्या की जणू रेडिओ बंद केला. तिची सख्खी बहीणच कुजबुजीच्या मध्यभागी. आणि थोरल्यांनी शहाणपणाचा कळस केला तो असा की प्लग उघडायचा खास पाना, तो लांब नळीसारखा असतो, त्याच्याशिवाय प्लग हलत नाही, असे जेवढे पाने गॅरेजमध्ये होते ते सगळे गोळा करून आपल्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवले. किल्ली कमरेला. नवा मेकॅनिक ठेवला, त्याला ताकीद दिली की काट्यावर आणखी चाळीस हजार होईपर्यंत प्लगला हात लावायचा नाही.

तासोबाने एक पत्र्याची शेड घेतली. गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप, असली बारीक इंजिनं दुरुस्त करू लागला. शेड कुठे घेतली? टेकडीच्या वाटेला. सकाळी तिन्ही जीपा समोरून जायच्या, संध्याकाळी परत यायच्या. हा स्टुलावर बसून घड्याळ बघायचा आणि वहीत लिहायचा. मी विचारलं, नोकरी गेली तरी वही कशाला? तो म्हणाला, शेवटच्या दिवशी तिन्ही जीपांना मीच नवे प्लग बसवले होते, लेकरांची वाढ बघायला नको? असं म्हणून हसला. ते हसू मला आवडलं नाही. म्हणजे खरं सांगायचं तर फार आवडलं.

त्या तीन डब्यांनी त्याला काय शिकवलं होतं ते ऐका. पूर्वी कधी सुट्ट्यांच्या गर्दीत बदलायला उशीर झाला, तर ते प्लगही त्याच्याकडे चिठ्ठीसकट होते. टेकडीवर कुठलाही प्लग पाचशे तासांपुढे धड राहिलेला नव्हता. चारशेला जीप खोकायला लागते. साडेचारशेला चढावर दम टाकते. पाचशेच्या पुढे देवाचं नाव. चार महिने झाले तेव्हा वहीत चारशे ऐंशी भरले होते. शेडसमोरून जाताना पहिली जीप फटफट करायची. नवा मेकॅनिक पेट्रोलला दोष द्यायचा. तासोबा मान डोलवायचा, गवई समेवर आल्यासारखा.

आणि त्याच सुमाराला अप्पांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. थोरल्यांनी जाहीर केलं, सगळं घर आपल्या जीपांतून माथ्यावर नेणार, जेवण तिथेच. धाकट्या जावयाला वगळता येईना, कारण सासूबाई हटून बसल्या. निरोप घेऊन मीच गेलो. वाटलं होतं तो नाही म्हणेल. त्याने वही उघडली, बोटांवर हिशेब केला आणि विचारलं, कुठल्या वारी? सांगितल्यावर म्हणाला, येतो की, अप्पांचा दिवस आहे.

तो आला तो इस्त्रीच्या शर्टात, खांद्याला कापडी पिशवी. पहिली जीप थोरले स्वतः चालवत होते, शेजारी अप्पा, मागे सासूबाई आणि थोरली. दुसरीत एक जुना ड्रायव्हर, मी, तासोबा, त्याची बायको आणि दोन मावश्या. तिसरीत जेवणाचे डबे, उरलेली मंडळी आणि चालवायला नवा मेकॅनिक. ओढा पार झाला. पाणी बोनेटपर्यंत उडालं. मावश्या किंचाळल्या. तासोबा डोळे मिटून ऐकत होता.

चढाच्या तिसऱ्या वळणावर पहिली जीप दोनदा शिंकली आणि गप्प झाली. वाट एका जीपपुरतीच, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला उतार. मागच्या दोन्ही जीपा थांबल्या. थोरले खाली उतरले, बोनेट उघडलं आणि मागे ओरडून सांगितलं की तुमची इंजिनं चालूच ठेवा, बंद केलीत आणि पुन्हा लागली नाहीत तर पंचाईत.

तासोबाने डोळे उघडले. बायकोला हळूच म्हणाला, सावलीत बसून घे. ती म्हणाली, चालूच आहे ना गाडी. तो म्हणाला, अर्धा तास.

त्याने पिशवीतून एक सफरचंद काढलं, चाकूने साल काढायला बसला. साल एकसंध निघाली पाहिजे असा त्याचा हट्ट. नवा मेकॅनिक पुढे धावला, पेट्रोलची नळी फुंकली, हवेची जाळी झटकली, वायरी काढून पुन्हा लावल्या. उभ्याउभ्या गुरगुरणाऱ्या दुसऱ्या जीपने पस्तिसाव्या मिनिटाला काळा धूर सोडला आणि मान टाकली. तिसरी तिच्या मागोमाग. फोन कुणाचाच लागत नव्हता. ऊन डोक्यावर आलं. सासूबाईंचे गुडघे, अप्पांचं वय, खाली चालत जायला दोन तास. दगडावर बसलेल्या अप्पांनी रुमाल डोक्यावर घेतला.

नवा मेकॅनिक थोरल्यांच्या जवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणाला की मला प्लगचा संशय येतोय. थोरले म्हणाले, मग बघ ना. तो म्हणाला, पाना तुमच्या खणात आहे. थोरल्यांचा हात आपोआप कमरेच्या किल्लीकडे गेला. ती किल्ली त्या वेळी जगातली सगळ्यात निरुपयोगी वस्तू होती, आणि हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिलं. शपथेवर सांगतो, माथ्यावरून दिसणाऱ्या तळ्यापेक्षा देखणं दृश्य होतं.

तासोबाने सफरचंदाची शेवटची फोड खाल्ली, चाकू पुसून मिटला आणि पिशवीतून तो लांब नळीचा पाना काढून मांडीवर ठेवला. पाना उन्हात चमकत होता. सगळ्यांनी पाहिला. थोरले दहा पावलं चालत आले. ती दहा पावलं टाकायला त्यांना फार वेळ लागला.

ते म्हणाले, "दे इकडे."

"देतो की. पण प्लग तुम्ही काढायचे, साडूभाऊ. मी हात लावला तर परत कमी भरायचे."

मावश्यांपैकी एक खोकली. थोरल्यांनी पाना घेतला. तापलेलं इंजिन, आडवी जागा, सवय नाही. बोट भाजलं, बाही काळी झाली, एकदा पाना निसटून मूठ पत्र्यावर आपटली. तासोबा शेजारी उभा राहून नुसता सांगत होता, डावीकडे फिरवा, हळू, आटे जातील. शिकवण्या घेतात तसा आवाज. थोरल्यांच्याच जीपचे चार प्लग निघाले. एकाची चिनीमाती तडकलेली, दोघांचं टोक झिजून गोल झालेलं, चौथा डांबरात बुडवल्यासारखा.

"आता हे अप्पांकडे न्या," तासोबा म्हणाला. "आणि यातला कुठला विकण्यासारखा आहे ते त्यांना सांगा."

थोरले तिथेच उभे राहिले. त्यांची बायको म्हणाली, अहो, हे काय आत्ता, आईला ऊन लागतंय. तासोबाने पाना परत घेतला, पिशवीत ठेवला आणि तो दगडावर जाऊन बसला. मला त्या क्षणी सासूबाईंची दया यायला हवी होती. आली नाही. मी थोरल्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

शेवटी ते गेले. तळहातावर चार प्लग, शाळेत छडी खायला हात पुढे केल्यासारखा. काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने," मागून तासोबा म्हणाला. "अप्पांना कमी ऐकू येतं."

अप्पांना भिंतीपलीकडचं ऐकू येतं, माझ्या घरातली भांडणंसुद्धा त्यांना तोंडपाठ आहेत. पण अप्पांनी लगेच कानामागे हात धरला. थोरल्या जावयाने घसा साफ केला.

"एकही नाही, अप्पा. एकही विकण्यासारखा नाही."

"किती चालले?"

थोरल्यांनी जीपच्या काट्याकडे पाहिलं, चार महिन्यांपूर्वीचा आकडा वजा केला. पाच हजार उरले. "पाच हजार किलोमीटर."

"पाचशे वीस तास," तासोबा म्हणाला.

अप्पांनी प्लग एकेक करून उचलले, चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ धरले. बोटं काळी झाली. मग थोरल्यांकडे न बघताच विचारलं, "मग ती चोरी?"

"नव्हती."

अप्पांनी रुमालाला बोटं पुसली आणि तासोबाला म्हणाले, "ते डबे रविवारी घेऊन या. मला बघायचे आहेत." चार महिन्यांतलं त्यांचं पहिलं वाक्य. तासोबाने मान हलवली.

पुढच्या अर्ध्या तासात त्याने पिशवीतून खोकी काढून दुसऱ्या आणि तिसऱ्या जीपला नवे प्लग बसवले. दोन्ही जीपा पहिल्या फटक्यात सुरू झाल्या. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. थोरले आपल्या जीपजवळ बोनेट उघडं ठेवून वाट बघत होते. तासोबाने रिकामी खोकी त्यांना दाखवली. म्हणाला, आठच होते.

माथा राहिला. जेवण ओढ्याकाठी उरकलं. थोरल्यांची जीप उताराने आपली आपण घरंगळत खाली आली, ब्रेकवर पाय दाबून थोरल्यांची पोटरी वळली. सपाटीला लागल्यावर तिला दोर बांधून दुसऱ्या जीपच्या मागे जोडली. आता दुसरी जीप तासोबा चालवत होता, शेजारी अप्पा. मातीचा रस्ता तीन किलोमीटर, आणि त्याने वेग असा धरला की धूळ वरही जाऊ नये आणि बाजूलाही जाऊ नये, थेट मागच्या जीपमध्ये जावी. अशी कारागिरी मी आयुष्यात पाहिली नाही. दीड किलोमीटरवर थोरलीने थांबायला सांगितलं, नवऱ्याला तिथेच सोडलं आणि आमच्या जीपमध्ये येऊन बसली. केस धुळीने पांढरे झाले होते. धाकटीने तिला पाणी दिलं, पण सरकून जागा दिली नाही.

गॅरेजकडे जायला बाहेरून एक रस्ता आहे, मोकळा, बिनगर्दीचा. तासोबाने बाजाराचा घेतला. सुट्या भागांचं दुकान, न्हाव्याचं दुकान, किराणा, सगळीकडची माणसं बाहेर आली. पुढच्या जीपमध्ये प्लगचोर, मागे दोराला बांधलेल्या जीपमध्ये मालक, भुवयांपासून मिशीपर्यंत मातीच्या रंगाचे, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर सरळ. सुट्या भागांच्या दुकानदाराने विचारलं, काय झालं हो? तासोबाने जीप थांबवली. म्हणजे दोघांचीही थांबली. मग त्याने सावकाश, एकही तपशील न गाळता सांगितलं. दुकानदाराने मध्ये दोन प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं दिली. थोरले मागे बसून होते.

संध्याकाळी त्याच्या बायकोने घरी कापडी पिशवी रिकामी केली. चाकू, पाना, तेलकट फडकं, आणि फडक्यात गुंडाळलेलं एक खोकं. खोक्यात चार नवे कोरे प्लग. हे मला तिनेच सांगितलं, म्हणून सांगतोय. ती खोकं हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तो बूट काढत होता. त्याने पाहिलं आणि दुसरा बूट काढायला घेतला.

ती म्हणाली, "म्हणजे ताईची जीपसुद्धा चालू झाली असती."

"झाली असती."

ती खुर्चीत बसली. चार महिने ज्या दुकानात तिला बघून बोलणं थांबायचं, त्या दुकानासमोरून ती आज जीपमध्ये बसून गेली होती आणि शेजारी केसांत माती घेऊन सख्खी बहीण मान खाली घालून बसली होती. आईला दोन तास ऊन लागलं होतं, तेही तिला आठवलं असणार. मला वाटलं होतं ती आता चिडल्याचं सांगेल. निदान तोंडदेखलं तरी.

"मग बाजारातून दोन फेऱ्या मारायच्या होत्या," ती म्हणाली, आणि उठून खोकं कपाटात ठेवलं.